विकलेला माल कोणता ?

बाजारपेठेत घटकाभर उभे राहिले असता "माल विकला" हे दोन शब्द किती वेळा कानावर पडतात याची गणती करणे कठीण आहे. पेढीवरचा व्यापारी हेच बोलतो, दलाल हेच बोलतो, आणि गाडी रिकामी करून गावाकडे निघालेला शेतकरीही हेच बोलतो. परंतु या दोन शब्दांस कायदा जो एक साधा प्रश्न विचारतो तो फारच थोड्यांच्या मनात येतो. तो प्रश्न असा की, विकला तो माल कोणता ? किती, कसला आणि कोणत्या भावाने, हे सारे सौद्यात ठरलेले असते. पण नेमकी कोणती पोती, कोणत्या गाठी, कोणते डबे, हे पुष्कळदा ठरलेलेच नसते. सारे सुरळीत चालले आहे तोवर या प्रश्नावाचून कोणाचे अडत नाही. पण पूर, आग किंवा दिवाळे यांपैकी एकाने जरी दार ठोठावले, तरी सगळा निकाल याच एका प्रश्नाच्या उत्तरावर लागतो. सबब या विषयाकडे आम्ही आज वाचकांचे, विशेषतः व्यापारीवर्गाचे, लक्ष वेधू इच्छितो.

अशी कल्पना करा की, सांगलीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात हळदीची ५०० पोती थप्पी लावून ठेविलेली आहेत. पुण्याच्या एका दुकानदाराने त्यांपैकी १०० पोती घेण्याचे ठरविले. भाव ठरला, पुरी रक्कम पोचती झाली, पावतीही हाती आली. "चार दिवसांनी गाडी पाठवितो," असे म्हणून दुकानदार निर्धास्त झाला. चौथ्या दिवशी दोहोंपैकी एक गोष्ट घडली : कृष्णेचे पाणी गोदामात शिरले, किंवा व्यापाऱ्याचे दिवाळे वाजले. आता ती १०० पोती कोणाची ? दुकानदार म्हणेल, "पैसे दिले, माल माझा." कायदा म्हणतो, "पाचशांतील कोणती शंभर तुझी, ते दाखव." ती त्याला दाखविता येत नाहीत, कारण ती कोणी कधी वेगळी काढलीच नाहीत. परिणाम असा की, पूर आला असेल तर भिजलेली पाचशेही पोती विक्रेत्याच्या नावावर बुडाली. आणि दिवाळे निघाले असेल तर कोरडी ठणठणीत पाचशेही पोती धनकोंच्या वाटणीत गेली, व पुरी रक्कम मोजलेला दुकानदार रित्या हाताने त्या धनकोंच्या रांगेच्या शेवटास जाऊन उभा राहिला. हे आमचे कल्पनातरंग आहेत असे कोणी समजू नये. २००५ सालच्या महापुरात सांगलीजवळील हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरले होते, याची आठवण त्या भागातील व्यापाऱ्यांस अजून ताजी आहे. आणि दिवाळ्यांची उदाहरणे तर कोणत्याही पेठेत शोधावी लागत नाहीत.

कायदा असे का म्हणतो, हे समजून घेणे अवश्य आहे. आपल्याकडे मालाच्या खरेदीविक्रीचे नियम प्रथम १८७२ च्या कराराच्या कायद्यात सातव्या प्रकरणात होते. त्या प्रकरणात दिलेला एक दाखला बोलका आहे. एकाच्या टाक्यांत वीस टनांहून अधिक तेल आहे व त्यातील वीस टन तो दुसऱ्यास विकण्याचा करार करतो. तर त्या तेलाचा थेंबही अद्याप दुसऱ्याच्या मालकीचा झालेला नाही, असे तेथे सांगितले होते. पुढे ते प्रकरण रद्द होऊन १९३० चा मालविक्रीचा कायदा आला आणि १ जुलै १९३० पासून अमलात आला. तोच आजही चालू आहे. १९६३ साली त्याच्या नावातील "हिंदी" हे विशेषण तेवढे गळाले. या कायद्याचे १८ वे कलम म्हणते की, माल अनिश्चित असेल तर तो निश्चित होईपर्यंत त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही. हे कलम मोठे करडे आहे. मालकी केव्हा जावी हे पक्षकारांच्या इराद्यावर अवलंबून असते हे खरे, व १९ व्या कलमात तसे म्हटलेही आहे. परंतु कोणता माल हेच ठरलेले नाही तेथे इराद्याने काय होणार? ज्या वस्तूकडे बोट दाखविता येत नाही तिची मालकी देता येत नाही, एवढे साधे तत्त्व या कलमाच्या मुळाशी आहे.

मग माल निश्चित होतो केव्हा ? सौदा करतानाच "हीच गाडी", "हीच थप्पी" असे ठरले असेल व माल देण्याजोग्या स्थितीत असेल, तर २० व्या कलमाप्रमाणे मालकी त्याच क्षणी जाते. पैसे किंवा माल मागाहून द्यावयाचा ठरला तरी फरक पडत नाही. माल साफ करणे, भरणे असे काही काम विक्रेत्याकडे राहिले असेल तर ते होऊन खरेदीदारास तशी खबर मिळेपर्यंत मालकी थांबते, असे २१ वे कलम सांगते. किंमत ठरविण्यासाठी विक्रेत्याने वजन किंवा माप करावयाचे असेल तर तेच २२ वे कलम सांगते. आणि माल केवळ वर्णनाने विकला असेल, म्हणजे "अमुक जातीची शंभर पोती" एवढेच ठरले असेल, तर २३ वे कलम लागू होते. त्या वर्णनाचा, देण्याजोगा माल एका पक्षाने दुसऱ्याच्या संमतीने, कोणतीही अट न ठेवता, त्या कराराकडे लावून दिला म्हणजे मालकी जाते. ही संमती स्पष्ट असो वा वागणुकीवरून दिसणारी असो, आधी दिलेली असो वा मागाहून, ती चालते. माल वाहतूकदाराच्या हवाली केला आणि विक्रेत्याने त्यावर आपला हक्क राखून ठेविला नाही, तर तेही असे लावून देणेच होय. आणि २६ वे कलम या सर्वांवर कळस चढविते : अन्यथा ठरले नसेल तर जोखीम मालकीच्या मागोमाग जाते. ज्याचा माल, त्याचे नुकसान.

हे नियम कागदावर सोपे दिसतात, पण न्यायकचेरीत त्यांची धार कशी लागते हे काही निवाड्यांवरून कळेल. १९१७ सालचा एक इंग्लिश खटला माशांचा आहे. आयर्लंडातील एका विक्रेत्याने बांगड्याच्या जातीच्या माशांच्या १९० पेट्या आगगाडीने रवाना केल्या. त्यांतल्या २० पेट्या एका खरेदीदाराच्या होत्या. परंतु त्या कोणत्या, हे वाटेत होलीहेड येथे रेल्वेच्या नोकरांनी वेगळे करावयाचे होते. गाडीस उशीर झाला, आणि पेट्या वेगळ्या होण्यापूर्वीच मासे नासू लागले. नुकसान विक्रेत्याचे ठरले, कारण नासण्याच्या वेळी वीस पेट्यांवर कोणाचे नाव नव्हते. दुसरा खटला गव्हाचा, १९२७ च्या निवाड्यांत छापलेला. एका व्यापाऱ्याने १,००० टन गव्हापैकी ५०० टन विकून पैसे घेतले व नंतर त्याचे दिवाळे निघाले. ज्याने पैसे भरले त्याच्या पदरात गहू पडला नाही, कारण हजारातील पाचशे टन वेगळे काढलेले नव्हते. येथे हे ध्यानात ठेवावे की, पहिल्या खटल्यात विक्रेता बुडाला तर दुसऱ्यात खरेदीदार. हा नियम कोणाचाच पक्षपाती नाही. जो गाफील असेल त्याला तो गाठतो.

आपल्याकडील उदाहरण हवे असेल तर ते आमच्याच धंद्यातले आहे. एका वृत्तपत्र कंपनीने आपल्या साठ्यातील काही टन छपाईचा कागद विकण्याचा करार केला. खरेदीदाराने पुढे तो पुरता उचलण्यास नकार दिला. कंपनीने उरलेला कागद दुसऱ्यास विकून आलेली तूट मागितली. सर्वोच्च न्यायालयाचा हा निवाडा १९६८ च्या निवाडेसंग्रहात आहे. न्यायालयाने म्हटले की, विकलेला कागद साठ्यातून वेगळा निश्चित झालेला नव्हता, सबब त्याची मालकी खरेदीदाराकडे गेलीच नव्हती. आणि मालकी गेली नसता, फेरविक्री करून तूट वसूल करण्याचा ५४ व्या कलमातील विशेष हक्कही विक्रेत्यास नाही. करार मोडला त्या दिवशीच्या बाजारभावावरून जी नुकसानभरपाई निघेल तेवढीच त्याची. तात्पर्य, माल वेगळा काढून न ठेवण्याने खरेदीदाराचाच तोटा होतो असे नसून, पैसे न मिळालेल्या विक्रेत्याच्याही हातातले हत्यार निसटते.

यावर काही जुने व्यापारी म्हणतील की, "आमचा व्यापार विश्वासावर चालतो, वकिली काथ्याकूट आम्हांस कशाला?" व्यापार विश्वासावर चालतो हे आम्हांस मान्य आहे, किंबहुना ज्या पेठेत विश्वास उरला नाही तेथे कोणताही कायदा दुकान उघडे ठेवू शकणार नाही. परंतु विश्वास हा माणसावर असतो. पुरावर, आगीवर आणि दिवाळ्याच्या कारभाऱ्यावर तो ठेविता येत नाही. सांगलीचा तो व्यापारी कितीही प्रामाणिक असो, एकदा त्याचे दिवाळे निघाले म्हणजे गोदामाची किल्ली त्याच्या हाती राहत नाही. ज्याच्या हाती ती जाते त्यास २०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्याने जे नेमून दिले आहे तेच करावे लागते. दुसऱ्याच्या मालकीचा, केवळ सांभाळण्यासाठी ठेविलेला माल त्याने ऋणकोच्या मालमत्तेत धरावयाचा नाही, हे त्या कायद्यात आहे. पण "हा माल माझा" असे सिद्ध करण्यास तो माल आधी ओळखता आला पाहिजे. खुणेचे पोते मालकाकडे जाईल, बिनखुणेचे पोते वाटणीत जाईल. तेव्हा मालावर खूण करणे हा अविश्वास नसून, प्रामाणिक माणसाच्या शब्दाला त्याच्या पश्चातही किंमत राहावी म्हणून केलेली तजवीज आहे.

शेतकऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न निराळे रूप घेतो. नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या बाजारात शेतकरी ट्रॉली घेऊन येतो, तिच्यापुढे लिलाव होतो, क्विंटलमागे भाव पुकारला जातो, आणि मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामी होते. माल कोणता, याविषयी येथे शंकाच नाही. तीच ट्रॉली, तोच कांदा. लिलाव पुरा झाल्याची खूण होताच विक्री पूर्ण होते, असे ६४ वे कलम सांगते. असे असता खळ्यावर गेल्यानंतर "आतला माल हलका निघाला" म्हणून भाव पाडावयाचा, ही तक्रार शेतकऱ्यांच्या तोंडून वारंवार का ऐकू यावी ? वर चांगला माल ठेवून आत सडका भरणारा शेतकरीही असतो, आणि त्याच्याविरुद्ध खरेदीदारास कायद्याने दाद आहे. ती त्याने बाजार समितीपुढे मागावी. परंतु पुकारलेला भाव एकतर्फी कापण्याचा अधिकार कोणत्याही कलमाने त्यास दिलेला नाही. दुसरी अडचण वजनाची. किंमत क्विंटलवर आहे, व वजन करून देणे विक्रेत्याचे काम आहे असे ठरले, तर वजन होऊन खरेदीदारास कळेपर्यंत मालकी अडकून राहिली असा वाद निघू शकतो, आणि खळ्याच्या वाटेवरील जोखीम भाव ठरल्यानंतरही शेतकऱ्याच्याच माथी बसते. यावर उपाय अगदी सोपा आहे : काटा आधी, खळे मागाहून. लिलाव होताच समितीच्या आवारातच वजन व्हावे, काटापट्टीवर दोघांच्या सह्या व्हाव्या, आणि तेथून पुढे माल व जोखीम दोन्ही खरेदीदाराची असे त्या पट्टीवरच छापलेले असावे. उघड्या लिलावाने रुमालाखालच्या हत्ता पद्धतीस बाजारातून हुसकून लावले, तर एवढी सुधारणा अशक्य आहे असे आम्हांस वाटत नाही.

माल ओळखता न येण्याचा रोग किती वाढू शकतो हे पाहावयाचे असेल तर २०१३ साल आठवावे. मुंबईतील राष्ट्रीय हजर माल बाजार, ज्यास इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून एन्एसईएल म्हणत, त्या साली कोलमडला आणि सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी थकली. हजारो लोकांनी तेथे "माल" विकत घेतला होता. कागदावर तो माल गोदामात होता. त्याच्या पावत्या होत्या, आकडे होते, वजने होती. परंतु पैसे थकल्यावर जेव्हा गोदामांकडे पाहण्याची वेळ आली, तेव्हा कागदावरचा माल तितका तेथे नाही असे निघाले. या प्रकरणाच्या गुन्हेगारी बाजूविषयी येथे काही लिहिण्याचा आमचा उद्देश नाही. आम्ही एवढेच विचारतो की, खरेदीदारांपैकी कितीजणांनी "माझा माल कोणता ?" हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारला होता ? आकड्यांनी माल निश्चित होत नाही. माल निश्चित होतो तो मालाने.

आता करावयाचे काय ते सांगतो. पहिली गोष्ट व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या हातातली आहे व तीस एक पैचाही खर्च नाही. मोठ्या साठ्यातून काही भाग विकला, तर तो त्याच दिवशी वेगळ्या थप्पीस लावावा, त्यावर खरेदीदाराचा मार्का व सौद्याचा क्रमांक घालावा, पोत्यांची संख्या आणि गोदामातील जागा वहीत नोंदवावी, आणि खरेदीदारास लेखी खबर देऊन त्याची होकाराची पोच घ्यावी. ही शेवटची पायरी कोणी गाळू नये. १९५७ साली इंग्लंडात एका कारखानदाराने परदेशी खरेदीदाराकरिता सायकली बांधून त्यांवर त्याच्या बंदराचे नावही घातले होते. किंमतही आगाऊ आलेली होती. तरीही कारखाना बुडाल्यावर त्या सायकली खरेदीदाराच्या ठरल्या नाहीत, कारण त्या जहाजावर चढेपर्यंत कारखानदारास बदलता आल्या असत्या. नाव घालणे पुरेसे नाही. ते आता बदलणार नाही, असे दोघांचे ठरलेले दिसले पाहिजे. म्हणून सौदाचिठ्ठीवरच एक ओळ असावी : "मार्का घालून खबर दिली म्हणजे मालकी व जोखीम खरेदीदाराची." पैसे यावयाचे असताना मालकी गेली तर आपण उघडे पडू, ही विक्रेत्याची भीती निराधार आहे, माल त्याच्या ताब्यात आहे तोवर किंमत मिळेपर्यंत अडवून धरण्याचा हक्क ४७ वे कलम त्यास देते, आणि खरेदीदार दिवाळखोर झाल्यास वाटेतला माल थांबविण्याचा हक्क ५० वे कलम देते.

दुसरी गोष्ट कायदेमंडळाच्या हातातली आहे. टाकीतले तेल, कोठारातला गहू, एका साठवणीतली साखर हा माल पोत्यागणिक वेगळा ठेवणे नेहमीच शक्य नसते, हे आम्ही जाणतो. अशा मालापुरता १८ व्या कलमाचा कठोरपणा सौम्य झाला पाहिजे. आपला १९३० चा कायदा इंग्रजांच्या १८९३ च्या कायद्यावरून घेतलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु खुद्द इंग्रजांनी, त्यांच्या विधी आयोगाने १९९३ साली दिलेल्या अहवालानंतर, १९९५ साली या बाबतीत आपला कायदा दुरुस्त केला. साठा कोणता ते ठरलेले असेल, त्यातील परिमाण ठरलेले असेल, आणि खरेदीदाराने किंमत दिली असेल, तर भरलेल्या किमतीच्या प्रमाणात तो त्या साठ्याचा सहमालक होतो. साठा कमी भरला तर खरेदीदारांचे हिस्से त्या प्रमाणात घटतात, असे त्यांनी ठरविले. अमेरिकेच्या व्यापारी संहितेने तर ओळखता येणाऱ्या साठ्यातील अविभक्त हिस्सा हा निश्चित मालच मानिला आहे, आणि माल करारास निश्चित झाला की मालकीची वाट न पाहता खरेदीदारास त्याचा विमा उतरविण्याजोगा हितसंबंध दिला आहे. ज्यांच्याकडून आपण हा कायदा उसना घेतला त्यांनी आपला अंगरखा दुरुस्त करून घेतला, आणि स्वतंत्र झालेला देश त्यांचा जुना, उसवलेला अंगरखा तसाच अंगावर वागवीत आहे, हे दृश्य आम्हांस शोभणारे नाही. परक्याचे चांगले घेण्यात कमीपणा नाही. त्याने टाकून दिलेले जपून ठेवण्यात मात्र आहे. आणि या सुधारणेस एक स्वदेशी पुरवणीही जोडावी : साठ्याचा मालक साठ्यात आहे त्याहून अधिक माल विकील, तर ते केवळ करारभंगाचे प्रकरण न राहता शिक्षेस पात्र व्हावे.

तिसरी गोष्ट व्यापारी मंडळे व बाजार समित्या यांच्या हातातली. २००७ च्या गोदामांविषयीच्या कायद्याने हस्तांतर करता येणाऱ्या गोदामपावतीस मान्यता दिली आहे. ही पावती काय आहे, ती कोणत्या गोदामाची चालते, व तिच्यावर मालाची खूण कशी नमूद असावी, हे मराठीत छापून प्रत्येक पेठेत लावणे कठीण नाही. तसेच सौदाचिठ्ठीचा व काटापट्टीचा एक सर्वमान्य मराठी नमुना तयार झाला पाहिजे. ज्या कागदावर माणूस आपली जमापुंजी सोडून देतो, तो कागद त्यास आपल्या भाषेत वाचता येऊ नये, ही गोष्ट दुःखाची आहे.

कायद्याचे अज्ञान श्रीमंतास महाग पडत नाही. त्याच्या पदरी वकील असतो. ते महाग पडते लहान दुकानदारास, जो वर्षाची शिल्लक एका सौद्यात घालतो; आणि शेतकऱ्यास, ज्याचे सहा महिन्यांचे कष्ट एका ट्रॉलीत मावतात. त्यांच्याकरिता या सर्व चर्चेचा सारांश एका ओळीत देऊन आम्ही हा लेख पुरा करतो : पैसे देण्यापूर्वी मालाकडे बोट दाखवा, आणि पैसे दिल्यावर त्यावर आपली खूण घाला. ज्या पोत्यावर तुमची खूण नाही, ते पोते अद्याप तुमचे नाही.